दफनभूमीच्या वतीने सही कोण करणार?

आधी हे वाचा, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. फॉर्म ४०-१३३० वर एक चौकट आहे: दफनभूमीच्या प्रतिनिधीचं नाव आणि सही. बाकीचा अख्खा फॉर्म मी एका संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत भरला. त्या एका चौकटीने सात महिने खाल्ले.

हा फॉर्म अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा. सैनिकाच्या थडग्यावर दगड नसेल तर सरकार तो फुकट देतं, मग सैनिक परवा वारलेला असो की सव्वाशे वर्षांपूर्वी. आमचा सैनिक सव्वाशे वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव इथे देत नाही. त्याची पणतवंडं कुठेतरी असतील, त्यांना न विचारता कशाला द्यायचं?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दहावीत असताना त्याच्या स्काउटच्या पोरांनी दक्षिण जर्सीतली एक जुनी दफनभूमी साफ करायला घेतली. शेताच्या कडेला, झाडीत, जेमतेम पाऊण एकर. कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या चर्चची जागा. चर्चची इमारत कधीच गेली, जोत्याच्या विटा तेवढ्या उरल्यात. मी गेले ती ड्रायव्हर आणि सँडविचवाली म्हणून. पोराला बॅज मिळाला, पोरगं कॉलेजला गेलं आणि दफनभूमी आईच्या गळ्यात पडली.

पहिल्याच शनिवारी आम्ही घोळ घातला. जमिनीवर गर्द हिरवी वेल पसरली होती, सदाफुलीच्या जातीची, निळ्या फुलांची. पोरांनी उत्साहाने ती ओढून ढीग लावला. नंतर कळलं की ही वेल थडग्यांवर मुद्दाम लावायचे. दगड परवडत नसे, म्हणून वेल, युक्काचं झुडूप, नाहीतर शिंपले. म्हणजे आम्ही तण समजून खुणाच उपटत होतो. तुम्ही असं काम हाती घेतलंत तर पहिल्या दिवशी काहीही उपटू नका, नुसते फोटो काढा. आणि तीन-तीन पानांची जी वेल झाडावर चढलेली असते ती पॉयझन आयव्ही. तिला हात लावू नका. मी लावला होता.

आता हा सैनिक कोण, ते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेविरुद्ध, उत्तरेच्या बाजूने सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. न्यू जर्सीने त्यांची स्वतःची एकही पलटण उभारली नाही. इथल्या तरुणांना डेलावेअर नदी ओलांडून फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेनमध्ये जावं लागे. त्या एका छावणीत ११ पलटणी आणि जवळजवळ ११,००० माणसं तयार झाली. आमचा माणूस त्यातल्या २२व्या पलटणीत होता. पीटर्सबर्गला लढलेली, एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, शिरलेली आणि त्याच महिन्यात लिंकनच्या अंत्ययात्रेत चाललेली ही पलटण. तिथून त्यांना टेक्सासच्या सीमेवर धाडलं. ऑक्टोबरमध्ये सेवेतून सुटल्यावर हा घरी आला, दुसऱ्यांच्या शेतांत राबला आणि १८९० च्या दशकात गेला.

त्याच्या बायकोचा दगड अजून उभा आहे. त्यावर ‘अमक्याची पत्नी’ असं लिहिलंय. शेजारी माणसाच्या लांबीचा एक खोलगट भाग, पावसात पाणी साचणारा. तो अमका तिथे.

आमच्या मंडळाच्या दिवाळीत एका काकांनी विचारलं, ‘आपला ह्यात काय संबंध?’ मी म्हटलं, फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. काका ‘हो, ते वाचलंय’ म्हणाले आणि चकलीकडे वळले.

कागदपत्रं मिळायला फारसा त्रास झाला नाही, म्हणून भराभर सांगते. मृत्यूची नोंद ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात मिळाली. न्यू जर्सीच्या नोंदी १८४८ पासूनच्या आहेत. तिच्यात दफनाची जागा लिहिली होती. १८९० ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी नष्ट झाली, पण माजी सैनिकांचा वेगळा तक्ता केंटकी राज्याच्या निम्म्यापासून पुढच्या राज्यांचा शिल्लक आहे. इंग्रजी वर्णानुक्रमात न्यू जर्सी त्यानंतर येते, हे आमचं नशीब. त्यात त्याची पलटण, कंपनी आणि आजाराच्या रकान्यात ‘संधिवात’. सेवेचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराचे, ऑनलाइन चाळता येतात. आडनाव दोन-तीन प्रकारांनी शोधा. आमच्या माणसाच्या आडनावाच्या शेवटचा ‘स’ कारकुनाच्या मर्जीने येतो-जातो.

त्या कागदांतल्या दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. हजेरीच्या एका कार्डावर शेरा आहे: ‘१९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्याआधी स्वतंत्र’. मला आधी अर्थच लागेना. ह्या सैनिकांचा पगार १० डॉलर, त्यातले ३ कपड्यांचे कापून हातात ७. गोऱ्या शिपायाला १३. जून १८६४ मध्ये काँग्रेसने पगार सारखा केला. पण सुरुवातीपासूनचा फरक द्यायचा तो युद्ध सुरू झालं तेव्हा जे गुलाम नव्हते त्यांनाच. म्हणून कार्डावर तो शेरा. सहा डॉलरच्या फरकासाठी माणूस कधीपासून माणूस होता ते सिद्ध करायचं.

दुसरी गोष्ट भरतीच्या कागदावरची सही. ती सही नाहीच, फुली आहे. फुलीच्या वर कारकुनाने लिहिलंय ‘त्याची’, खाली ‘खूण’. १८६४ मध्ये जीव द्यायला सरकारला त्याची एक फुली पुरली. त्याला दगड द्यायची वेळ आली तेव्हा मात्र अधिकृत प्रतिनिधीची सही लागली.

तर आता ती सही.

मी प्रथम गावाच्या कार्यालयात ईमेल केली. उत्तर नाही. प्रत्यक्ष गेले. तिथली बाई फार गोड बोलली: ‘ती जागा आमची नाही, काउंटीला विचारा.’ काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयाने, कराचा नकाशा दाखवला. ब्लॉक, लॉट, वर्ग १५-ई, म्हणजे करमाफ दफनभूमी. मालकाच्या रकान्यात त्याच चर्चचं नाव, जे आता अस्तित्वातच नाही. घोडं नेमकं इथे अडलं होतं: जागा करमाफ, म्हणून शंभर वर्षांत कुणी बिल पाठवलं नाही, बिल नाही, म्हणून मालक कोण हे शोधायची कुणाला गरजच पडली नाही. खरेदीखत निघालं. त्यात जागा पाच विश्वस्तांच्या आणि ‘त्यांच्यानंतर येणाऱ्या विश्वस्तांच्या’ नावे होती. पाचही जण बहुधा त्याच जागेत पुरलेले.

काउंटी म्हणाली, पंथाच्या मुख्यालयाला विचारा. त्यांचा वेगळा फॉर्म, सहा ते आठ आठवडे. दहा आठवड्यांनी उत्तर आलं की ह्या नावाचं चर्च आमच्या यादीत नाही. मी खरेदीखताची प्रत पाठवली. पुन्हा सहा ते आठ आठवडे. मग पुन्हा गावाचं कार्यालय. ‘आमच्या वकिलांना विचारावं लागेल.’ वकील सुट्टीवर, मग निवडणुका, मग नवे वकील. मे महिन्यातल्या मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, दगड बसवायचा असं मी स्काउटच्या पोरांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मी बायकोच्या दगडाशेजारच्या खड्ड्यात एक छोटा झेंडा रोवला आणि घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

वकिलाचं खरं दुखणं मला कार्यालयातल्या त्याच गोड बाईने कॉफी मशीनपाशी सांगितलं. गावाने सही केली तर जागा गावाची ठरेल. मग गवत कापायचं, झाड पडलं तर भरपाई द्यायची, विमा काढायचा. एका दगडापायी पाऊण एकर अंगावर कोण घेणार? हे ऐकल्यावर मी फॉर्मवरचं त्या सहीच्या चौकटीतलं वाक्य पहिल्यांदा नीट वाचलं. तिथे मालकीबद्दल एक अक्षर नाही. फक्त एवढंच की अमुक प्रकारचा दगड ह्या दफनभूमीत चालतो. इतके महिने मी सगळ्यांना विचारत होते, ‘जागेचा मालक कोण?’ विचारायला हवं होतं, ‘इथे दगड लावला तर तुमची हरकत आहे का?’ तुम्ही जाल तिथे ते वाक्य आधी मोठ्याने वाचून दाखवा. मालक हा शब्द तोंडातून काढू नका.

आणि मग सुटलं ते अगदीच लाज वाटावी असं. वर्षभर आम्ही गाड्या पलीकडच्या रस्त्यावरच्या चर्चच्या आवारात लावायचो. एका शनिवारी बाथरूम वापरायला मी आत गेले. स्वयंपाकघरात एक आजी मोठ्या परातीत मासे पिठात घोळवत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, एप्रनवर पीठच पीठ. वर न बघता म्हणाल्या, ‘तुम्ही लोक आमच्या जागेत काय करताय?’

‘आमच्या’ हा शब्द ऐकून मी तिथेच उभी राहिले.

जुनं चर्च बंद पडलं तेव्हा उरलेली घरं ह्या चर्चमध्ये आली होती. त्यांत ह्या आजींचे आजी-आजोबाही होते. तसा ठराव इतिवृत्ताच्या वहीत होता आणि वही त्याच स्वयंपाकघराच्या कपाटात, कागदी प्लेटांच्या मागे. आजी तिथल्या विश्वस्तांच्या अध्यक्ष. म्हणजे खरेदीखतातले ‘त्यांच्यानंतर येणारे विश्वस्त’ माझ्यासमोर मासे तळत होते. गाडीतून फॉर्म आणला. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, ते वाक्य दोनदा वाचलं, ‘उभा दगड ना? आडवा नको, गवतात बुडतो’ म्हणाल्या आणि दोरीने बांधलेल्या पेनाने सही केली. मग म्हणाल्या, ‘आधी का नाही विचारलंस, बाळ?’

काय सांगणार? मी सगळ्या कार्यालयांना विचारलं होतं, पलीकडच्या घराला सोडून.

त्यांनीही विचारलं की मला ह्यात एवढा रस का. ह्या वेळी फुल्यांचं नाही सांगितलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली पहिल्या महायुद्धाची पाटी आहे: ह्या गावातून इतके पुरुष गेले, त्यातले इतके मेले. आकडे आहेत, नाव एकही नाही. माझे एक पणजोबा त्या आकड्यात आहेत असं घरात म्हणतात. आजी म्हणाल्या, ‘आमच्याकडे उलटं,’ आणि मला तळलेल्या माशांची पिशवी बांधून दिली.

राहिलेलं सांगून टाकते. सैनिकाची सेवा ६ एप्रिल १९१७ आधी संपली असेल तर त्याच्यासाठी कुणीही अर्ज करू शकतं, नातं लागत नाही. मध्यंतरी काही वर्षं ही मुभा नव्हती, त्यामुळे जुनी माहिती वाचून खचू नका. यादवी युद्धातल्यांसाठी जुन्या घडणीचा दगड मागता येतो, खोदलेली ढाल आणि तिच्यात उठावाची अक्षरं. पण तो मागावा लागतो. दगड ४२ इंच उंच, १३ इंच रुंद, ४ इंच जाड, वजन सुमारे २३० पौंड, म्हणून घरचा पत्ता देऊ नका. स्मारकं घडवणाऱ्या एखाद्या दुकानदाराला आधी विचारून त्याचा द्या. दगड आणि वाहतूक सरकारची, बसवायचा खर्च आपला. जुन्या दगडांना तारेचा ब्रश आणि ब्लीच लावू नका. पाणी आणि मऊ ब्रश. अक्षरं दिसावीत म्हणून खडू तर मुळीच नको.

दगड नोव्हेंबरात बसला, जमीन गोठायच्या आधी, एका साध्या मंगळवारी. आजी खुर्ची घेऊन आल्या होत्या. कारागिराने लेव्हल लावून पाहिली, माती दाबली, पुन्हा लेव्हल लावली. आजींनी पलटणीच्या आकड्यावरून, त्या दोन ‘२’ वरून, बोट फिरवलं आणि कारागिराला म्हणाल्या, ‘थोडा डावीकडे कललाय.’ कललेला नव्हता, पण त्याने निमूटपणे पुन्हा तपासलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या पहिल्या ईमेलला गावाच्या कार्यालयातून उत्तर आलं. दफनभूमीचे अधिकृत प्रतिनिधी कोण आहेत ते कृपया कळवावं.