शारदेचं तोंड भिंतीकडे

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी चारला माझ्या यादीत एकच काम उरलं होतं, पंखे पुसायचं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी अकराला. दोन शाळांची मुलं येणार होती, पंचायत समितीची माणसं येणार होती, शिऱ्याची ऑर्डर देऊन झाली होती. आमचं कलाकेंद्र म्हणजे कुडाळपासून अर्ध्या तासावरच्या गावातली बंद पडलेली शाळा. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, तीन वर्ग. पहिल्यात सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे रंगवलेले गोल पत्ते, मांडली होती, दुसऱ्यात चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायची, पोथी, तिसऱ्यात मुलांसाठी कागद आणि रंग. पगारी माणसं दोन: मी, आणि शिपाई, सुतार, वायरमन असं सगळं असलेले आमचे काका.

मी घाटावरची. बडोद्याला संग्रहालयशास्त्र शिकले आणि इथे आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मालवणी कळायची, पण बोलायला लागले की बाजारातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

पोथी हा त्या प्रदर्शनातला माझा खरा अभिमान होता. २०२१ साली कुडाळजवळच्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना कळसूत्री बाहुल्यांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली आणि आसपासच्या गावांत माळ्यावरची गाठोडी खाली यायला लागली. हे गाठोडंही तसंच आलं. एका रिक्षावाल्याने आणून दिलं, जुन्या लुगड्यात बांधलेलं, आत वेखंडाचे तुकडे. उघडलं तर अठरा पानं. ठाशीव रेषा, टपोरे डोळे, वस्त्रांवर भरगच्च नक्षी. सीतेचा शोध ते लंकादहन. तीस दिवसांसाठी देतो म्हणाला, फॉर्मवर सही केली, पावती खिशात घालून पॅसेंजर घ्यायला निघून गेला.

पोथी म्हणतात, पण ती शिवलेली नसते. पानं सुटी असतात आणि प्रत्येक पान म्हणजे पाठीला पाठ लावून चिकटवलेली दोन चित्रं. सांगणारा वीणा घेऊन बसतो, साथीला टाळ आणि हुडूक, म्हणजे डमरूसारखं लहान चर्मवाद्य. चित्र दाखवत प्रसंग गायचा, पान उलटायचं, मागचं चित्र दाखवायचं, पान बाजूला ठेवायचं, पुढचं घ्यायचं. म्हणजे अठरा पानांत छत्तीस प्रसंग.

हे सगळं मला माहीत होतं. लपवत नाही, माहीत असूनच मी ती पानं भिंतीवर लावली. फ्रेमला भिंतीवर एकच बाजू दिसते, मग प्रत्येक पानाची जी बाजू जास्त चांगली टिकली होती, ती मी समोर घेतली. कुठे रंग उडालेला, कुठे कसरीने खाल्लेलं, ते मागे. मागच्या बाजूंचे फोटो काढून ठेवले होते, पुढेमागे पुस्तिका छापू म्हणून. फोटो दोन दिवसांत निघाले, कारण पहिल्या दिवशी दुपारी लाइट गेली. पुढच्या बाजू एका फोल्डरमध्ये, मागच्या दुसऱ्यात, आणि दोन्हींचे क्रम वेगवेगळे. पानांच्या कोपऱ्यांत कधीकाळी आकडे होते, पण बहुतेक पुसलेले. तेव्हा रामायण कोणाला माहीत नाही, असं म्हणून मी अंदाजाने क्रम लावला. दारापाशी मोठा फलक लिहिला: बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथापासून सुरुवात, मग सावंतवाडीच्या भोसल्यांचा आश्रय, मग कागद, रंग. फलक चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो.

साडेचारच्या सुमाराला ती रिक्षा अंगणात येऊन थांबली. आतून रिक्षावाल्याचे वडील उतरले. पंचाहत्तरीच्या पुढचे, धोतर, वर पांढरा शर्ट, काखेत छत्री. मुलगा माझ्याकडे न बघता रिक्षाचा आरसा पुसायला लागला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं.

“बाय, पोथी व्हयी,” ते म्हणाले. “पाचव्या माळेक देवळात सांगूची असता. झिलान माका न इचारता दिल्यान.”

मी फॉर्म काढला. तीस दिवस, खाली सही, सगळं दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. “माका वाचूक येणा नाय,” म्हणाले, आणि सरळ दुसऱ्या वर्गात गेले.

पहिल्या फ्रेमपाशी उभे राहिले. गणपती. हात जोडले. मग मान तिरकी करून फ्रेम आणि भिंत यांच्या फटीत बघायला लागले. मला वाटलं, वाळवी दिसली की काय.

“शारदा खंय?”

शारदा मोरावर बसलेली, गणपतीच्या पाठीला. मी म्हणाले, “मागे आहे आजोबांनू.”

“भिंतीकडे तोंड करून?”

यावर उत्तर नव्हतं. ते पुढे सरकले. चष्मा घरी राहिला होता म्हणून प्रत्येक फ्रेमच्या अगदी जवळ जात होते आणि काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरत होती. माझा जीव त्या काचेत. आठव्या की नवव्या फ्रेमपाशी ते थांबले आणि चक्क हसले.

“सीता अजून गावली नाय, आणि तुझ्या मारुतीन लंका पेटयल्यान?”

माझी चूक अशी झाली होती. दोन पानांवर जवळजवळ सारखं चित्र होतं: झाडाखाली बसलेली सीता, समोर हात जोडून मारुती. एक अंगठी देण्याच्या वेळेचं. दुसरं लंका जाळून झाल्यावर तो पुन्हा तिला भेटायला जातो तेव्हाचं. पुढून बघितलं तर कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, सांगता येत नव्हतं. अंगठी रंगवली होती तिथलाच रंग पडलेला. मी उलटं लावलं होतं. आधी निरोप, मग ओळख. त्यांनी काकांना ते पान उतरवायला सांगितलं, फ्रेमची पाठ उघडायला लावली. मागे अख्खी पेटलेली लंका होती. दुसऱ्या पानाच्या मागे मारुती फळं तोडत होता. पाठ बघितली असती तर पाचवीतल्या पोरानेही बरोबर लावलं असतं.

“अर्धी गोष्ट काय भिंतीक सांगतलंस, बाय?” हे त्यांनी चिडून विचारलं नाही. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. समोर पहिल्या वर्गाच्या दारातून गंजिफा दिसत होती. दहा अवतार, एकेका अवताराची बारा पानं, एकूण १२० गोल पानं. गंजिफाची पाठ मुद्दाम एकरंगी असते. समोरच्याला कळता कामा नये ना, हातात मत्स्य आहे की कूर्म! ती मांडताना पाठीचा विचार करावा लागला नव्हता. त्याच आठवड्यात, त्याच हातांनी मी पोथी मांडली, आणि बडोद्यात दोन वर्षं शिकलेलं सगळं वापरलं. उजेड किती, ओल किती, कागदाला काच टेकू द्यायची नाही. चांगली बाजू समोर, हेही त्यातलंच. चित्र म्हणून प्रत्येक पान सुंदर दिसत होतं, आणि मी एकेक चित्रच बघत होते.

पाच वाजले होते. आत काकांनी तोवर आणखी तीन फ्रेमा उघडल्या होत्या आणि म्हातारबुवा बाकावर मांडी घालून पानं लावत होते, पत्त्यांचा डाव लावावा तशी भराभर. मी कापडी हातमोजे पुढे केले. त्यांनी ते बघितले आणि बाजूला ठेवले. (खरं तर कागदासाठी धुतलेले कोरडे हातच बरे, मोज्यांनी पकड जाते. हे मला शिकवलंही होतं. मोजे फोटोत बरे दिसतात, एवढाच त्यांचा उपयोग.) ते आकडे शोधतच नव्हते. पान उचलायचे, पुढचं चित्र, पाठ, आणि ओठांत काहीतरी गुणगुणायचे. गुणगुणणं अडलं की पान चुकीचं. तेरा आणि चौदाच्या मध्ये अडलं. दोनदा मागे गेले, पुन्हा अडलं. “एक पान नाय,” म्हणाले. मुलाला हाक मारली. घरी देव्हाऱ्यामागे बघ म्हणाले. तो तासाभराने एक पान घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. एकोणिसावं. अठरा पानं पूर्ण आहेत असं मी फलकावर लिहून बसले होते.

मग वाटाघाटी. खरं म्हणजे वाटाघाटी करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हणाले, पाचव्या माळेला पोथी देवळात, दुसऱ्या दिवशी परत इथे. ते म्हणाले, गोष्ट पूर्ण दिसणार असेल तर. मी काकांकडे बघितलं. काका कौलांच्या वाशांकडे बघत होते.

रात्री दोनपर्यंत काम चाललं. फ्रेमांच्या मागचे प्लायचे तुकडे काढले. त्या जागी काच हवी होती, पण रात्री आठला काच कुठून आणणार? ऑफिसच्या कपाटाची सरकती दारं काढली, ती पुरली नाहीत, मग काकांच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याला उठवून ॲक्रिलिक आणलं. कापलेल्या माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची, आणखी एक खिडकी मागून लावली, म्हणजे कागद दोन्हीकडून मोकळा. पोफळीचे दोन लांब दांडे वाशांना आडवे बांधले आणि मासे पकडायच्या जाड तंगुसाने एकोणीस फ्रेमा वर्गाच्या मधोमध टांगल्या, अशा की माणसाला एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत यावं लागेल. म्हातारबुवा साडेनऊला घरी गेले. जाताना गणपतीच्या फ्रेमला वळसा घालून शारदेसमोर उभे राहिले, आणि मुलाला म्हणाले, पाऊस येतलो, चल.

उद्घाटनाला पाहुणे बेताचेच आले. मुलांनी वळसे घालून घालून गोंधळ केला, एक फ्रेम गरगर फिरली, माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिरा मात्र उत्तम होता.

पाचव्या माळेला मी देवळात गेले. सभामंडपात ट्यूबलाइट होती, पण पोथीपाशी समईही ठेवली होती. म्हातारबुवांच्या हातात वीणा, मुलगा हुडूक घेऊन. रिक्षावाला म्हणून ओळखत होते मी त्याला. तो इतकं चांगलं वाजवतो, हे तेव्हा कळलं. पानं मी मनात धरली होती त्यापेक्षा कितीतरी वेगाने जात होती. एकेका चित्राला काही क्षण, काहींना मात्र बराच वेळ. पेटलेल्या लंकेपाशी ते रेंगाळले, लोकांना हेच हवं होतं. पान धरायचे ते कायम एकाच जागी, खालच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याने. तेलकट, दाबून. तिथेच आकडे होते.

माझ्या स्थिती-अहवालात त्या कोपऱ्यांपुढे मी लिहिलं होतं: ‘डाग, कारण अज्ञात, शक्य असल्यास स्वच्छ करावे.’

दुसऱ्या दिवशी पोथी ठरल्याप्रमाणे परत आली. नियमाप्रमाणे मी एकेक पान तपासलं. अकराव्या पानाच्या कोपऱ्यावर तेलाचा नवा ठसा होता, अजून ओलसर. पावतीवर सही घ्यायला रिक्षावाला ताटकळत उभा होता. ओरोसचं भाडं होतं त्याला. मी जुना शेरा खोडला, ‘अंगठा’ असं लिहिलं आणि पुढचं पान घेतलं.