बिनबर्फाचा हिवाळा, चार आवाजांत

दिवाळी झाली आणि आमच्या गायनगटाच्या तालमी परत सुरू झाल्या. यंदाचा बेत पुरुषांच्या आवाजातल्या हिवाळी कार्यक्रमाचा, आणि त्यात देवाधर्माचं काही नाही. अट आमचीच आहे. आम्ही सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये गातो, ऐकायला सगळ्या घरांतून माणसं येतात. गटात कार्तिकात काकड आरतीला पहाटे उठणारे आहेत, तसे देव न मानणारेही आहेत. म्हणून ऋतूच गायचा ठरला: थंडी, लांब रात्र, शेकोटी, घरी परतणं, नवं वर्ष. कार्यक्रम भोगीच्या आधीच्या शनिवारी.

ज्यांनी असलं साहित्य शोधलंय त्यांना माहीत असेल, टीटीबीबी (दोन टेनर म्हणजे वरचे पुरुषी आवाज, आणि दोन बेस म्हणजे खालचे) म्हणून विकलं जाणारं बरंचसं स्त्री-पुरुषांच्या मिश्र कॉयरसाठी लिहिलेलं असतं आणि नुसतं खाली ढकललेलं असतं. बायकांचे आवाज गेले की वरचं सप्तक जातं, आणि चारही ओळी अडीच सप्तकांत दाटीवाटीने बसतात. काळी एकला मध्य सा धरला, तर त्याच्या खाली दोन आवाजांत सा-ग एवढंच अंतर ठेवलं की स्वर ऐकू येत नाहीत, गुरगुर ऐकू येते. चांगला मांडणीकार खाली सा-प किंवा सा-सा ठेवतो आणि गंधार, म्हणजे ग, वर टेनरकडे देतो. नवीन काही हातात आलं की मी आता पहिल्यांदा खालच्या दोन ओळीच बघतो. घुंगरं, चुटक्या, ‘डूम-डूम’ वगैरे नंतर.

घुंगरांवरून सांगायचं तर बर्फगाडीची गाणी आम्ही सगळीच बाजूला ठेवली. ‘जिंगल बेल्स’ खरं तर आमच्या अटीत चपखल बसतं. जेम्स पियरपॉन्टच्या १८५७च्या त्या गाण्यात नाताळाचा उल्लेखच नाही. पण पुण्यात ते बालवाडीच्या स्नेहसंमेलनाचं गाणं आहे, आणि पन्नाशीची माणसं ते चार आवाजांत म्हणायला लागली की सभागृह हसतं. ‘लेट इट स्नो’ची बार्बरशॉप पद्धतीची (बिनसाथीच्या चार आवाजांची अमेरिकी पद्धत) मांडणी मात्र मोहात पाडणारी होती. त्यात मुख्य चाल वरून दुसऱ्या आवाजात असते आणि पहिला टेनर तिच्या डोक्यावर हलकेच तरंगतो. आमच्याकडे असं तरंगणारं कोणी नाही. आमचे टेनर नाट्यसंगीतावर वाढलेले, वरचा सा लावायचा म्हणजे छातीतूनच. फॉल्सेटोला, म्हणजे छाती सोडून लावलेल्या हलक्या वरच्या आवाजाला, ते अजून ‘खोटा आवाज’ म्हणतात, तेही नाक मुरडून.

ऑक्टोबरच्या उकाड्यात थंडीची गाणी निवडताना कोणीतरी कुरकुरलं, तेव्हा सांगायला चांगला मसाला मिळाला. ‘लेट इट स्नो’ हॉलिवूडमध्ये जुलै १९४५च्या उन्हाळ्यात लिहिलं गेलं. लेरॉय अँडरसन या संगीतकाराला बर्फगाडीचंच ‘स्ले राइड’ सुचलं तेही जुलै १९४६च्या उष्णतेच्या लाटेत. आणि अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्टने बर्फ पडणाऱ्या रानापाशी घोड्यासह थांबलेल्या वाटसरूची ती प्रसिद्ध कविता लिहिली १९२२च्या जूनमध्ये. तेव्हा पंख्याखाली घाम पुसत थंडी गाणं हे परंपरेला धरूनच आहे.

फ्रॉस्टची ती कविता आम्ही घेतली आहे, रँडल थॉम्पसन या अमेरिकी संगीतकाराच्या ‘फ्रॉस्टियाना’मधून. १९५९ साली अ‍ॅमहर्स्ट गावाच्या द्विशताब्दीसाठी केलेल्या या सात गाण्यांतलं हे सहावं, फक्त पुरुषांसाठी आणि तीन आवाजांत. टेनर कमी असलेल्या गटाला तीन आवाज म्हणजे वरदान. एरिक व्हिटॅकर या संगीतकाराने २०००च्या सुमाराला हीच कविता कॉयरसाठी बांधली होती, पण हक्कदारांनी परवानगी दिली नाही. मग चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री या कवीने त्याच चालीवर नवे शब्द बसवले आणि ती रचना ‘स्लीप’ या नावाने जगभर गेली. आज कविता स्वामित्वहक्कातून मोकळी आहे. अमेरिकेत २०१९पासून, आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम असल्यामुळे २०२४पासून. ‘स्लीप’ आम्ही यंदा घेत नाही. त्यात एकेका आवाजाचे आणखी भाग पडत जातात, आणि तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत.

आता ज्यात सगळा नोव्हेंबर गेला ते. आमच्यातले बहुतेक जण तानपुऱ्यावर शिकलेले. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार कानात पक्का बसलेला. तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली असतो. नुसत्या आवाजात सा-ग-प धरलं की आमची माणसं पहिल्याच झटक्यात तो शुद्ध मेळ (एकत्र लागणारे स्वर, म्हणजे कॉर्ड) लावतात, जो मिळवायला इतर गट महिनोन्‌महिने झगडतात. पण थॉम्पसनच्या गाण्यात साथीला पियानो आहे. तिथे आमचा सुंदर गंधार बेसूर ठरतो! उपाय म्हणून तालमीच्या सुरुवातीला मधल्या आवाजाला पियानोवर फक्त गंधार धरायला लावतो, कान तेवढ्यापुरते ‘बिघडवतो’, आणि मगच गाणं. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका याला शिक्षा म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

बिनसाथीच्या गाण्यात उलटा प्रश्न. तिथे शुद्ध मेळच हवा, पण शुद्धतेच्या मागे लागलं की पट्टी उतरते. सा-ग-प, मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नि-रे आणि परत सा, अशी साधी फेरी घ्या. प्रत्येक मेळ आधीच्या मेळातल्या समान स्वराला धरून शुद्ध लावत गेलात, तर तिसऱ्या मेळातला रिषभ (रे) त्रिश्रुती, म्हणजे किंचित उतरलेला, येतो. पुढच्या मेळाला मात्र चतुःश्रुती, म्हणजे त्याहून चढा, हवा असतो. दोघांत एका प्रमाण श्रुतीचा, साधारण साडेएकवीस सेंटचा फरक. तेवढी पट्टी एका फेरीत खाली जाते, आणि पाच फेऱ्यांत जवळजवळ काळी एकची पांढरी एक होते, म्हणजे अर्धा स्वर खाली. मग लोक बेसच्या मंडळींवर डोळे वटारतात. वास्तविक दोष कोणाचाच नाही, गणितच तसं आहे. आम्ही रे-म-ध आला की रिषभवाल्याला जागेवरच किंचित चढायला सांगतो. त्या मेळाची गोडी थोडी कमी होते, पट्टी टिकते.

हे सगळं कामी आलं ते ‘श्चेद्रिक’मध्ये. ‘कॅरल ऑफ द बेल्स’ म्हणून जगाला माहीत असलेली चाल ती हीच. मिकोला लेओन्तोविच या युक्रेनी संगीतकाराची रचना, पहिल्यांदा १९१६ साली कीवमध्ये गायली गेली. घंटांचे इंग्रजी शब्द १९३६चे, पीटर विल्हौस्कीचे. मूळ शब्दांत घंटा नाहीत आणि नाताळही नाही. एक पाकोळी उडत घरी येते आणि यजमानाला हाक मारते: बाहेर ये, मेंढ्या व्यायल्या आहेत, यंदा भरभराट आहे. दारोदार जाऊन शुभ चिंतायचं हे गाणं, आपल्या वासुदेवासारखं. जुन्या ज्युलियन पंचांगाने वर्षाच्या शेवटच्या रात्री ते म्हणायचे, म्हणजे आपल्या कॅलेंडरवर १३ जानेवारीला. पुष्कळ वर्षी हीच आपली भोगी! हे कळल्यावर कार्यक्रमाची तारीख आणि मधलं गाणं, दोन्ही एकदमच ठरली.

चाल चार स्वरांची आहे: कोमल ग, रे, कोमल ग, सा. मधले दोन अर्ध्या मात्रेचे. एवढंच सतत फिरत राहतं आणि खालचे आवाज त्याखाली पायरीपायरीने उतरतात. वाचायला दोन मिनिटं लागतात, टिकवायला दम लागतो. अडचण कोमल गंधाराची. इथे हवा आहे तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे सोळा सेंट चढा, आणि आमच्या काहींच्या कानात दरबारीचा आंदोलित, अतिकोमल गंधार ठाण मांडून आहे. हात वर करून ‘दरबारी नको’ अशी खूण आता ठरून गेली आहे. शिवाय कणस्वर. सवयीने रेवरून गला जाताना बारीकशी मींड लागते, म्हणजे स्वर घसरत जातो. एकट्याने गाताना ती शोभते, इथे एका ओळीच्या सगळ्यांची मींड वेगवेगळ्या वेळी पोचते आणि मेळ चिखलात जातो. उच्चारांचा मात्र काहीच त्रास झाला नाही. ‘पश्चिम’ म्हणणाऱ्याला श्च अवघड कसा जाईल? युक्रेनी ‘इ’ आणि ‘ए’च्या मधला एक स्वर तेवढा सारखा निसटतो.

खालच्या बेसना मंद्र गंधारापर्यंत जायचं आहे. मंद्र पंचम बहुतेकांचा लागतो, त्याखाली हवाच जास्त. त्यावर औषध घरचंच निघालं: खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या स्वरांचा, रियाज. दोघं-तिघं पहाटे वेताळ टेकडीवर जातात, चढायच्या आधी गाडीत बसून खर्ज भरतात. सकाळी सातला लागणारा गंधार संध्याकाळी सातला लागत नाही, हे खरंच आहे. म्हणून कार्यक्रम सकाळी अकराला ठेवलाय. त्याहून लवकर पुणेकर येणार नाहीत.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात तालीम ठेवलीच नाही. ठेवली असती तरी मी एकटाच आलो असतो, आणि खरं सांगायचं तर मीही मुकुंदनगरलाच होतो.

शेवटचं गाणं आमचं स्वतःचं, हुरड्यावर. शब्द मी जुळवले: ‘दिस आखूड, रात मोठी, बांधाकडेला पेटली आगटी’. चाल गटातल्या एका तबलजीची. त्याने ज्वारीच्या जातींचीच नावं बोल म्हणून धरली. ‘सुरती’ तीन मात्रा, ‘गूळ’ दोन, ‘भेंडी’ दोन, म्हणजे सरळ रूपक. बेस हे बोल कुजबुजत राहतात, बॅरिटोन, म्हणजे मधला आवाज, सा-पवर ‘आ’ धरतो आणि टेनर ओळ म्हणतो. रूपकात सम (पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे हलक्या मात्रेवरच येते, पण तो तीनाचा तुकडा दर वेळी जोरात मारायचा मोह होतो. बेसना तो आवरायला सांगतोय. दुसऱ्या कडव्यात चौथा आवाज हवा की नको यावर अजून वाद चालू आहे. माझं मत नको. टेनरांचं मत अर्थातच हवा, आणि तो त्यांनाच हवा.

सध्याची स्थिती अशी: ‘श्चेद्रिक’ कागदाशिवाय होतं, शेवटच्या पानावर पट्टी पाव स्वर उतरते. थॉम्पसनची शेवटची ओळ दोनदा येते, तिथे श्वास कोणी कधी घ्यायचा ते वाटून द्यायचं बाकी आहे. हुरड्याची पानं आपल्या स्वरलिपीत आणि पाश्चात्त्य स्टाफवर, दोन्हींत लिहून झाली आहेत. तुमच्या गटात टीटीबीबीतलं मराठी हिवाळी काही असेल तर खालच्या दोन ओळी तेवढ्या आधी पाठवा.