फिजिओथेरपीची चिठ्ठी

वय ६९, आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन, पोर्ट (केमोचं औषध देण्यासाठी छातीत कातडीखाली बसवतात ती डबी) बसवणं, विम्याचे कागद हे सगळं निमूट पार पडलं. अडलं ते केमो चालू असताना व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जाण्यासाठी लागणाऱ्या एका चिठ्ठीवर.

खिडकीवरची बाई म्हणाली, कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. वर ओपीडीत गेले तर तिथला ज्युनियर फाईलवरचं वय पाहून म्हणतो, "चिठ्ठी कशाले पाहिजे आजी? आता आराम करा न." खाली आले, तर चिठ्ठीशिवाय नोंद होत नाही. पुन्हा वर. सर राउंडवर. पुढच्या केमोला पुन्हा तेच. माझ्याच बाकावर तिशीतली एक मुलगी बसायची, औषधही तेच. तिला मात्र चिठ्ठी न मागता मिळाली! "तुम्ही अजून तरुण आहात, हालचाल सोडू नका," असंही वर सांगितलं. माझं डोकंच फिरलं. पडून राहिलं की स्नायू झडतात, आणि ते म्हाताऱ्यांचे लवकर झडतात. मग चिठ्ठीची गरज जास्त कोणाला?

घरीही तीच तऱ्हा. सून पाण्याचा पेला हातात आणून देई, दीर म्हणाले, "वहिनी, आता काय ऑलिम्पिकला जायचंय का?"

शेवटी मी कागदावर लिहून नेलं: माझे प्लेटलेट किती, हृदय, हाडं ठीक आहेत ना, आणि मी काय करायचं नाही? "व्यायाम करू का" असं विचारलं की "नको" म्हणणं सोपं जातं; "काय टाळू" विचारा. मोठ्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि उभ्याउभ्या सही केली. इतकंच होतं ते!

फिजिओच्या ताईंनी आधी हात छातीवर बांधून खुर्चीतून उठा-बसायला लावलं, अर्धा मिनिट. मांड्या थरथरल्या. मग रबरी पट्टा, भिंतीला धरून टाचा उचलणं, आणि चालणं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे, कॅन्सर होऊन गेलेल्यांनाही, पण ताई म्हणाल्या, दहा मिनिटांपासून सुरू करा. केमोच्या थकव्यावर बेताचा व्यायाम उपयोगी पडतो, हेही त्यांनीच सांगितलं. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरवरचा मोठा अभ्यास आला. केमोनंतर देखरेखीखाली तीन वर्षं व्यायाम करणाऱ्यांत पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगलेले सुमारे ८० टक्के, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत ७४. तो कागद छापून दिरांच्या हातात दिला.

हो, राहिलंच: ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर थंडीत स्टीलचा पेला, फ्रिजमधलं पाणी झोंबतं, हातमोजे ठेवा. पायाला मुंग्या असतील तर चप्पल नको, बंद बूट. आणि मे महिन्यात नागपुरात फिरायचं तर सकाळी सहाच्या आत. मी त्रिमूर्तीनगरच्या बागेत जाते, तिथे बाकं जवळजवळ आहेत. ताप असला, गरगरलं, तर त्या दिवशी सुट्टी. आणि चिठ्ठीची झेरॉक्स ठेवा, मूळ ती बाई ठेवून घेते.