पोस्तोयना: एका शब्दाचं जन्मगाव

स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत शिरण्याआधी स्वेटर चढवा. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत 10 अंशांच्या आसपासच असतं. तळव्याला पकड असलेले बूट हवेत, वाट ओली असते. छोटी रेल्वे आत नेऊन सोडते, पुढे पायी.

बहुतेक लोक झुंबरांसारखे लोंबणारे चुनखडीचे खांब बघत पुढे सरकतात. मी इथे आलो तो एका शब्दासाठी: ट्रोग्लोबाइट, म्हणजे फक्त गुहेतच जगू शकणारा जीव. 1831 मध्ये याच गुहेत लुका चेच यांना सेंटिमीटरभर लांबीचा, बारीक मानेचा, आंधळा भुंगेरा सापडला. पुढल्या वर्षी त्याचं नामकरण झालं, लेप्टोडिरस, म्हणजे बारीक मानेचाच. मग 1854 मध्ये याच परिसरातल्या गुहांवरच्या ग्रंथात कीटकशास्त्रज्ञ शायनर यांनी गुहेतल्या प्राण्यांची वर्गवारी मांडली आणि ट्रोग्लोबाइट हा शब्द रुळला. ग्रीक 'ट्रोगले' म्हणजे बीळ, 'बिओस' म्हणजे जगणं. हा 'बिओस' आणि आपला 'जीव' मुळात एकाच घरचे.

गुहेत दिसला की ट्रोग्लोबाइट, असं मात्र नाही. वटवाघूळ दिवसभर इथे लटकतं, पण पोटासाठी बाहेर जातं. ते ट्रोग्लोझीन, बिळातला पाहुणा. आतही आणि बाहेरही पिढ्या काढू शकतो तो ट्रोग्लोफाइल. ट्रोग्लोबाइटला बाहेर थाराच नाही. असाच जीव भूमिगत पाण्यात असेल तर स्टायगोबाइट. नाव स्टिक्सवरून, ग्रीकांच्या वैतरणीवरून. मला हा शब्द जास्त आवडतो.

वाटेवरच्या दिव्यांभोवती भिंतीला हिरवट थर दिसला तर तो मूळचा समजू नका. माणसांबरोबर, हवेतून, पाण्यातून बीजाणू आत येतात. त्यांना उजेड मिळाला की शेवाळ धरतं. म्हणून असे दिवे गरजेपुरतेच लावायचे असतात.

प्रोटिअस, म्हणजे गुहेतल्या पाण्यात राहणारा शेपटीवाला उभयचर, इथल्या टाकीत बघायला मिळतो. हा स्टायगोबाइट. फ्लॅश बंदच ठेवा, त्याची कातडीही उजेड ओळखते. काचेवर नाक न टेकवता दोन मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. आधी दिसतात मानेजवळचे लाल कल्ले, पिसांच्या झुबक्यासारखे. मग फिकट गुलाबी, वीतभर-सव्वा वीत लांब अंग. पुढच्या पायांना तीन बोटं, मागच्यांना दोनच. डोळे कुठेत म्हणून शोधत बसू नका. पिल्लू असताना ते दिसतात, पुढे त्यांच्यावर कातडी चढते.