सोपटाचा कागद: अक्षरं पाण्यात टिकली!

मागच्या नोंदीत तपकिरी ओघळांपाशी गाडी अडली होती. ती निघाली. हिरडा-हिराकसची शाई सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालपटांच्या, कागदावर रात्रभर पाण्यात राहिली आणि सकाळी अक्षरं काळीभोर. ओल्या कागदावर बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही.

दुखणं काय होतं ते नव्या मंडळींसाठी सांगतो. तीच शाई, तोच बोरू. जुन्या चोपडीच्या कोऱ्या पानावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी पाण्याला दाद देत नव्हती. आपल्या केळीच्या कागदावर मात्र लिहितानाच मातकट, वाळल्यावर गंजासारखी, आणि पाण्याच्या परातीत सोडली की अक्षराभोवती तपकिरी ढग.

पहिला संशय हिराकसवर गेला. आपल्याकडे ते कृषी सेवा केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतं, पानं पिवळी पडली की बागेला देतात. खडे फिकट हिरवे हवेत. एका दुकानातली पिशवी उघडली तर आत पिवळट-तांबूस भुकटी, हवा लागून उतरलेली. शेतात काय व्हायचं ते होवो, शाईला असला माल घेऊ नका. दुसरीकडून हिरवे खडे आणले, पण ढग तसाच.

मग खळीवर संशय. तांदळाची खळ दाट करून दोन हात दिले. शाई फुटायची थांबली, धुपायची थांबली नाही. इथे मला या दोन गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. शाई फुटते ती तंतूंमधल्या बारीक वाटांनी आडवी पळते म्हणून; त्या वाटा खळ बुजवते. टिकण्याचं काम वेगळं आहे. ओल्या शाईतलं लोखंड आणि हिरड्यातलं टॅनिन विरघळलेल्या रूपात कागदात शिरतात, हवा लागली की त्यांचं न विरघळणारं काळं द्रव्य होतं आणि ते तंतूतच बसतं. म्हणजे शाई वाळेपर्यंत लोखंड टॅनिनच्याच वाट्याला यायला हवं. मधे दुसऱ्या कुणी ओढलं की संपलं.

ओढणारा सापडला तो हळदीमुळे. सदऱ्यावरच्या वरणाच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. सोपट मी धुण्याच्या सोड्यात शिजवतो. लगद्याचं शेवटचं धुवण हळदीने तपासलं होतं, पिवळं राहिलं म्हणून तो मुद्दा सोडून दिला होता. या वेळी लगदा मुठीत घट्ट पिळला, शेवटचे चार थेंब बशीत धरले आणि त्यात हळदीचं बोट बुडवलं. विटकरी लाल! केळीचा तंतू सोडा पोटात धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. लिहिलं की शाईतलं लोखंड त्या सोड्याला भेटतं आणि टॅनिनशी जमण्याआधीच गंजासारखं होऊन वरच्या वर बसतं. वर बसलेलं पाणी घेऊन जाणारच.

उपाय साधा, पण वेळखाऊ. लगदा गरम पाण्यात भिजत घालायचा, पिळायचा, पुन्हा नवं पाणी. पिळलेल्या थेंबाने हळद लाल होईनाशी झाली की मगच साच्यावर घ्यायचा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं की काम लवकर उरकतं. आमच्या फैजपूरकडच्या बोअरच्या पाण्याने तपेल्याला पांढरा थर धरतो, त्यामुळे निदान शेवटचं धुणं आणि शाईचा काढा तरी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करतो. बोअरच्या पाण्यात केलेल्या शाईच्या बाटलीत तळाला गाळ पटकन बसत होता, तोही कमी झाला.

त्याच परातीत इतर मंडळीही बुडवली. फाउंटन पेनची निळी शाई सगळ्यात आधी निघून गेली, तो नुसता विरघळणारा रंग. बॉलपेन तेलकट असल्याने जागचं हललं नाही. काळं जेल पेन छान टिकलं. वर्तमानपत्राची छपाई शाबूत, कागदाचाच चोथा. काजळ-डिंकाची शाई मला सर्वांत आवडते, पण काजळ विरघळत नसलं तरी त्याला धरणारा डिंक विरघळतो; पाण्यात स्थिर दिसते आणि बोट लावताच निघून येते. बिनखळीचा सोपटाचा कागद तर उचलतानाच तुटला. तंतूंना एकमेकांशी बांधणारे बंध पाणी सोडवतं, मग नुसता गुंता उरतो.

पुढचा बेत राळ-तुरटीच्या खळीचा होता. १८०७ मध्ये इलिग नावाच्या जर्मन माणसाने ती मांडली आणि गिरण्यांनी उचलली. पण तुरटी कागदात आम्ल ठेवते, आमची शाई आधीच आंबट. असा कागद वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतो. वह्या पुढच्या पिढीकडे जाव्यात असं वाटतं, म्हणून राळ तूर्त बाजूला. जिलेटिनची खळ आधी करून बघतो.

आणि हे लिहितानाच एक सुचलं. केळीचा चीक! घड कापणाऱ्यांच्या कपड्यांवरचे ते काळपट डाग कोणत्याही साबणाला जुमानत नाहीत. चिकातही टॅनिनच्या जातीचे पदार्थ असतात. मतदानाच्या शाईचंही असंच आहे. त्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवर काळं पडतं, वरून माखलेला रंग नसतो, म्हणून ती बोटावरून धुऊन जात नाही; १९६२ पासून तीच वापरात आहे. लिहिणं अर्धवट सोडून अंगणातल्या केळीच्या दांड्याचा चीक बशीत धरला आणि हिराकसचा एक खडा टाकला. कडेने करडा-हिरवा रंग चढला, आता मधोमध काळपट होतोय.

हिरडा आम्हाला बाहेरून येतो, चीक बांधावर फुकट. तेव्हा जिलेटिन थांबेल, आधी हाच. कुणी चीक गाळून साठवला असेल तर तो घट्ट होऊ नये म्हणून काय करता ते सांगा. माझा बशीतच गोळा व्हायला लागलाय.