आंबील ओढ्याकाठचा विरंगुळा

माझे बालपण पुण्यात पद्मावतीच्या परिसरात गेले. सुटीच्या दिवशी कोठे जायचे, या प्रश्नाला आमच्या घरी दोनच उत्तरे असत : सारसबाग किंवा कात्रजचे तळे. ही दोन्ही ठिकाणे एकाच आंबील ओढ्याने जोडलेली आहेत, हे मात्र मला फार उशिरा कळले, आणि तेव्हापासून या भागाचा इतिहास मी ओढ्याच्याच मागाने वाचत आलो आहे.

कात्रजच्या डोंगरातून येणारे हे पाणी १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी बांध घालून अडवले. वरच्या तळ्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यातून पुढे जावे, अशी ती योजना होती. तेथून माणूस आत उतरून चालू शकेल एवढा बांधीव नळ जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेला होता आणि त्यावर पेठांमधले हौद भरत असत. नळात हवा खेळती राहावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. असा एक उच्छ्वास आमच्या जवळच्या एका सोसायटीच्या आवारात होता. लहानपणी त्याच्या दगडाला कान लावून आम्ही पाण्याचा आवाज ऐकण्याचा प्रयत्न करत असू, आणि थोरली मुले तो ऐकू येतो असे शपथेवर सांगत असत.

त्याच ओढ्याच्या पाण्यावर नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी दुसरे तळे करवले. त्यातल्या बेटावर सारसबाग फुलली आणि १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात तेथे गणपतीची स्थापना झाली. कात्रजचे तळे तहान भागवण्यासाठी, तर पर्वतीचे तळे शोभेसाठी आणि नौकाविहारासाठी होते. पुढे हा क्रम उलटला. नौकाविहाराचे तळे विसाव्या शतकात नाहीसे होऊन त्या जागी हिरवळ आली. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तेवढे टिकले. थंडीत त्या मूर्तीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. आजी ते पाहायला आम्हाला मुद्दाम नेत असे. दर्शन झाल्यावर बाहेरची भेळ ठरलेली असे.

शेजारच्या पेशवे उद्यानात १९५३ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि १९५६ साली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. फुलराणीत बसलो नाही असा माझ्या वयाचा पुणेकर मला अद्याप भेटलेला नाही. मात्र प्राण्यांसाठी ती जागा फार अपुरी होती. अरुंद पिंजऱ्यात एकाच रेषेत येरझाऱ्या घालणारा वाघ मला आजही आठवतो, म्हणूनच १९९९ साली प्राणिसंग्रहालय कात्रजला हलवण्याचा निर्णय मला सर्वस्वी योग्य वाटतो. तेथे सर्पोद्यान आधीपासूनच होते. सुमारे १३० एकरांच्या त्या परिसरात तळेही आले आणि पिण्यासाठी बांधलेले पाणी अशा रीतीने सहलीचे ठिकाण झाले.

या दोन टोकांमधला ओढा मात्र कोणाच्याच विरंगुळ्याचा राहिला नाही. अरण्येश्वर आणि सहकारनगर भागांत त्याच्या काठावर भिंती आणि घरे उभी राहिली, पात्र आवळत गेले आणि त्यात सांडपाणी सोडले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी ओसरल्यावर मी काठाने चालत गेलो, तेव्हा पुलाच्या कठड्याला गाद्या, दप्तरे आणि एक सायकल अडकलेली होती. ज्या पाण्याने आमच्या भागाला तळी आणि बागा दिल्या, त्याला वाहण्यापुरतीही जागा आपण ठेवली नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

ओढ्याचे पात्र मोकळे करून काठाने झाडे आणि पायवाट व्हावी, कात्रजच्या तळ्यापासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत माणसाला सलग चालता यावे आणि उरलेले उच्छ्वास त्या वाटेवर जपले जावेत, असे मला वाटते. गेल्या महिन्यात मुलीला घेऊन मी सोसायटीतला तो उच्छ्वास पाहायला गेलो होतो. तो अजून उभा आहे. तिनेही दगडाला कान लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.