शरद ऋतूतलं व्हिएन्ना: राजवाडे सोडून

ऑक्टोबरात शोनब्रुन राजवाड्याच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा डी ट्राम पकडा आणि नुसडॉर्फच्या शेवटच्या थांब्यावर उतरा. तिथून ‘श्टाटवांडरवेग १’ची पायवाट सुरू होते. साधारण 11 किमी, 3 ते 4 तास. द्राक्षमळ्यांतून चढत ती 484 मीटर उंचीच्या काह्लेनबेर्गला जाते. ओल्या पानांखालचे दगड फार निसरडे असतात, त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. पाय थकले तर वरून 38ए बस हायलिगेनश्टाटला उतरवते.

परतताना ‘श्टुर्म’ जरूर प्या. हा अर्धवट आंबलेला, गढूळ द्राक्षरस या मोसमातच मिळतो. आंबणं चालूच असल्याने बाटलीचं झाकण सैल ठेवलेलं असतं, नाहीतर वायूच्या दाबाने ती फुटेल. म्हणून बाटली बॅगेत आडवी ठेवू नका, कपडे भिजतील. गोडव्यामुळे मद्य जाणवत नाही. एक पेला पुरे.

दुसऱ्या दिवशी 71 नंबरची ट्राम घेऊन 1874 साली सुरू झालेल्या मध्यवर्ती दफनभूमीत जा. ‘टोर 2’ला (दोन नंबरच्या दरवाज्यापाशी) उतरलं की बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स यांच्या कबरी जवळच, 32ए विभागात. मोझार्टचं मात्र तिथे फक्त स्मारक आहे. पिवळ्या पानांनी भरलेले इथले रस्ते शहरातल्या कुठल्याही बागेपेक्षा सुंदर. 1 नोव्हेंबरला तिथे प्रचंड गर्दी होते, तो दिवस टाळा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या आधीच अंधारतं. चालणं सकाळीच उरका.